आरव्हीच्या मैल्याच्या टाक्या : ड्रेनेजची जोडणी असताना झडप उघडी ठेवावी की बंद?

कोयनाकाठ (धागाकर्ता) · १२ मे

नमस्कार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण, म्हणजे मी, पत्नी, दोन मुले आणि साताऱ्याहून येणारे माझे आई-वडील, सॉल्ट लेक सिटीहून भाड्याची आरव्ही, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन यलोस्टोन आणि ग्रँड टीटन या राष्ट्रीय उद्यानांत जाणार आहोत. फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात तीन रात्री आणि कोल्टर बे येथे दोन रात्री मिळाल्या आहेत. वीज, पाणी आणि ड्रेनेज या तिन्ही जोडण्या दोन्हीकडे गाडी उभी करण्याच्या जागेवरच आहेत. आईचे गुडघे दुखतात. रात्री थंडीत सार्वजनिक स्वच्छतागृहापर्यंत चालणे तिला जमणार नाही, म्हणून गाडीतलेच शौचकूप वापरावे लागेल.

माझी शंका अशी आहे. गाडीच्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. बेसिन आणि न्हाणीचे पाणी जिच्यात जाते ती करडी आणि शौचकूपाचा मैला जिच्यात जातो ती काळी. आम्हाला मिळालेल्या माहितीपत्रकात प्रत्येकीची क्षमता ३० गॅलन, म्हणजे सुमारे ११४ लिटर दिली आहे. कार्यालयातील एक सहकारी म्हणतो की एकदा पाइप ड्रेनेजला जोडला की दोन्ही झडपा उघडून मोकळे व्हावे, म्हणजे घरच्यासारखे सगळे आपोआप वाहून जाते. दुसरा म्हणतो की असे केल्यास पस्तावाल. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

आणखी एक. आई-वडील कागद वापरत नाहीत, पाणीच वापरतात. त्याने टाकीचे काही बिघडेल का?

टेक्सासकर · १२ मे

दुसऱ्याचे ऐका. काळी झडप बंद ठेवा. बंद म्हणजे पूर्ण बंद, "थोडी किलकिली" नव्हे.

मंजिरी_मिशिगन · १२ मे

टेक्सासकरांनी निकाल दिला आहे, मी कारण सांगते. आमच्याकडे गेली नऊ वर्षे स्वतःची ट्रेलर आहे आणि पहिल्याच वर्षी मी तुमच्या पहिल्या सहकाऱ्यासारखीच वागले होते.

घरातला संडास आणि आरव्हीतला संडास यांत मोठा फरक पाण्याचा आहे. घरी एका वेळी पाच-सहा लिटर पाणी जोराने येते आणि उतार असलेल्या अरुंद पाइपातून मैला पुढे ढकलते. आरव्हीत पायाखालची पट्टी दाबली की जेमतेम लिटरभर, फार तर दोन लिटर पाणी पडते. मैला सरळ खाली, जवळजवळ सपाट तळाच्या रुंद टाकीत जातो. झडप उघडी असेल तर पाणी तेवढे निघून जाते आणि घन भाग जिथे पडला तिथेच बसून राहतो. त्यावर कागद, त्यावर पुन्हा तेच, असे करत शौचकूपाच्या बरोबर खाली ढीग तयार होतो. उन्हाळ्याच्या दोन दिवसांत तो वाळून असा घट्ट होतो की नंतर कितीही पाणी ओतले तरी हलत नाही. येथील जुनी मंडळी त्याला पिरॅमिड म्हणतात. आमच्या पिरॅमिडचे उत्खनन करायला एका माणसाने १८० डॉलर घेतले आणि काम करताना तो माझ्याकडे एकदाही पाहत नव्हता.

म्हणून काळी टाकी किमान दोन तृतीयांश भरेपर्यंत झडप बंद ठेवायची आणि मग एकदम उघडायची. भरलेल्या टाकीतले पाणी आपल्याच वजनाने धावत बाहेर पडते आणि जाताना सगळे सोबत नेते. ती रिकामी झाली की तिची झडप बंद करून मग करडी उघडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुतला जातो. हा क्रम उलटा करू नये. शेवटी काळ्या टाकीत दहा-बारा लिटर स्वच्छ पाणी सोडून ठेवावे, म्हणजे तळ बुडालेला राहतो आणि पहिला मैला कोरड्या प्लास्टिकवर पडत नाही.

पाणी वापरण्याबद्दल बोलायचे तर तुमच्या आई-वडिलांनी टाकीवर उपकारच केले आहेत. कागद हा या टाकीचा शत्रू आहे. आम्ही ट्रेलरमध्ये हातात धरायची फवारणी बसवून घेतली आणि तेव्हापासून टाकीची तक्रार जवळजवळ संपली. टाकी मात्र लवकर भरते, त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

उंटावरचा_शहाणा · १३ मे

मी या मताशी सहमत नाही. गेल्या वर्षी आम्ही चार दिवस दोन्ही झडपा उघड्या ठेवल्या होत्या. काहीही झाले नाही, वासही आला नाही.

टेक्सासकर · १३ मे

भाड्याची गाडी होती का?

उंटावरचा_शहाणा · १३ मे

हो.

टेक्सासकर · १३ मे

मग जे व्हायचे ते तुमच्यानंतर गाडी नेणाऱ्याचे झाले. कोयनाकाठ, गाडी ताब्यात घेताना शौचकूपाची पट्टी पूर्ण दाबून आत विजेरी मारून पाहा. शहाण्यांची गाडी तुमच्या वाट्याला आलेली असू शकते.

अण्णा_युमा · १३ मे

आम्ही दोघे निवृत्त आहोत आणि दर हिवाळ्यात चार महिने ॲरिझोनातील युमा येथे एकाच जागी ट्रेलर लावून राहतो. काळ्या टाकीबद्दल मंजिरीताईंनी लिहिलेले शब्दशः खरे आहे. करड्या टाकीबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा आहे.

चार महिने राहणाऱ्या माणसाने रोज न्हाणीच्या पाण्याचा हिशेब करत बसणे शक्य नसते, त्यामुळे आम्ही करडी झडप उघडीच ठेवतो. मात्र त्यात एक खुबी आहे. बाहेरच्या नळीला मध्येच एक खोलगट वळण द्यायचे, बेसिनखालच्या पाइपाला इंग्रजी यू अक्षरासारखे असते तसे. त्या वळणात पाणी साठून राहते आणि ड्रेनेजमधला वायू व माश्या नळीतून टाकीत शिरत नाहीत. वळण न देता झडप उघडी ठेवली तर कॅम्पग्राउंडच्या साऱ्या ड्रेनेजशी तुमच्या न्हाणीचा थेट संबंध जोडला जातो. पहिल्या वर्षी आमच्या बेसिनमधून त्या बारीक, केसाळ, पतंगासारख्या माश्या निघू लागल्या, तेव्हा हे लक्षात आले.

काळी टाकी रिकामी करायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही करडी झडप बंद करतो, म्हणजे सकाळी पाइप धुण्यापुरते साबणाचे पाणी जमलेले असते.

मंजिरी_मिशिगन · १३ मे

अण्णा, चार महिन्यांच्या मुक्कामासाठी तुमची पद्धत योग्यच आहे. तीन रात्रींच्या पाहुण्याला मात्र मी करडीही बंदच ठेवायला सांगेन. नळीला वळण कसे द्यावे, ते किती खोल असावे हे नवख्याला समजत नाही आणि त्या वळणातच गाळ साचून बसतो. रोज संध्याकाळी आंघोळी झाल्या की पाच मिनिटे झडप उघडायची, इतकेच काम आहे.

अण्णा_युमा · १३ मे

सहा माणसांच्या आंघोळी ११४ लिटरमध्ये बसवून दाखवा, मग मान्य करतो.

वेणू · १३ मे

तुम्ही सगळे काळ्या टाकीवर लिहिता आहात म्हणून सांगते, आमच्या गाडीत खरी दुर्गंधी करड्या टाकीची होती. कारण स्वयंपाक. आमटीची फोडणी, ताटात उरलेली शिते, चहाचा चोथा, कढईचे तेल हे सगळे बेसिनमधून टाकीत गेले. जुलैच्या उन्हात गाडी दिवसभर उभी राहिली, आणि संध्याकाळी दार उघडले तेव्हा आत काहीतरी आंबल्याचा इतका उग्र दर्प होता की सासूबाईंनी प्रथम इडलीच्या पिठाचा डबा तपासला. पीठ बिचारे शीतपेटीत शांत होते.

तेव्हापासून नियम केला. ताट आणि कढई आधी कागदी रुमालाने कोरडी पुसून तो कागद कचऱ्यात टाकायचा, मगच भांडे धुवायचे. चहा गाळून चोथा वेगळा ठेवायचा. भाताची पेज बेसिनमध्ये ओतायची नाही. बेसिनच्या तोंडावर बारीक जाळी ठेवायची. तेलाचा थर टाकीच्या आतल्या बाजूला आणि पातळी दाखवणाऱ्या खिळ्यांवर बसतो, त्यामुळे रिकामी टाकीही भिंतीवरच्या फलकावर अर्धी भरलेली दिसते.

चकलीप्रेमी · १३ मे

हा धागा मी जेवताना उघडला. चूक माझीच आहे.

निर्मळ_नीर · १४ मे

मी ओहायोमध्ये सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात काम करतो, त्यामुळे हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय आहे. चकलीप्रेमींनी क्षमा करावी.

टाकीत टाकायच्या औषधांबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. दुकानात त्याचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक जिवाणूंना मारणारा, ज्यात पूर्वी फॉर्माल्डिहाइड सर्रास असे. दुसरा जिवाणू किंवा विकरे (एन्झाइम) पुरवणारा. पहिला प्रकार टाळावा. अनेक कॅम्पग्राउंडचे ड्रेनेज शहराच्या गटाराला जोडलेले नसते, ते तिथल्याच सेप्टिक टाकीत आणि पुढे शोषचरांत जाते. त्या टाकीचे सगळे काम जिवाणूंवर चालते. शंभर गाड्यांनी जिवाणूनाशक ओतले तर टाकीतले पचन थांबते आणि न पचलेला गाळ चरांत जाऊन माती बुजवतो. दुसऱ्या प्रकाराने हानी नाही, पण जिवाणूंना काम करायला ऊब लागते आणि वेळही लागतो. टाकी रोज किंवा एक दिवसाआड रिकामी होणार असेल तर त्यांना वेळ मिळतच नाही. त्यामुळे पाच दिवसांच्या सहलीत खरे औषध पाणी हेच. वास दबावा म्हणून काही टाकायचे असेल तर अवश्य टाका, पण त्याने ढीग विरघळेल अशी आशा धरू नका.

टाकीत बर्फाचे खडे टाकून गाडी चालवली की बर्फ घासून टाकी स्वच्छ करतो असाही एक लोकप्रिय समज आहे. बर्फ पाण्यावर तरंगतो, गाळ तळाशी असतो. दोघांची भेट होणार कशी?

कागद वापरणाऱ्यांनी एक साधी परीक्षा करावी. बरणीत पाणी घेऊन कागदाचे दोन-तीन तुकडे टाकावेत, झाकण लावून हलवावे आणि काही मिनिटांनी पाहावे. कागदाचा लगदा होऊन विखुरला तर तो चालेल, चिंध्या तशाच राहिल्या तर घरी परत न्यावा. ओले रुमाल (वेट वाइप्स) मात्र कोणतेही टाकू नयेत, वेष्टनावर काहीही छापलेले असो. आमच्या प्रकल्पाच्या पंपांतून आम्ही त्यांचे दोर काढतो.

कोयनाकाठ · १४ मे

सर्वांचे मनापासून आभार. मंजिरीताईंनी हिशेब ठेवायला सांगितले म्हणून मांडून पाहतो. सहा माणसे, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा, दर वेळी पट्टीचे दीड लिटर आणि तांब्याचे एक लिटर धरले तर रोज ७५ लिटर होतात. ११४ चे दोन तृतीयांश ७६. म्हणजे दिवसातून एकदा, साधारण ठरावीक वेळी टाकी सोडावी लागेल. बरोबर?

मंजिरी_मिशिगन · १४ मे

अगदी बरोबर. भिंतीवरच्या फलकावर विसंबू नका, त्यातल्या खिळ्याला कागदाचा एक तुकडा चिकटला तरी तो खोटे बोलतो. हिशेब आणि विजेरी यांवर चाला. टाकी भरत आली की पट्टी दाबल्यावर आतून येणारा आवाजही बदलतो. खोल विहिरीत पडल्यासारखा येणारा आवाज जवळून येऊ लागतो.

एक बारीक गोष्ट राहिली. शौचकूपाची पट्टी दाबण्यापूर्वी छतावरचा पंखा बंद करावा. पंखा बाहेर हवा फेकत असतो, भांड्याची तळझडप उघडली की तो टाकीतलीच हवा वर ओढतो. "आमच्या गाडीला वास येतो" या तक्रारींपैकी निम्म्या याच कारणाने असतात, असे माझे मत आहे.

टेक्सासकर · १४ मे

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे धागाकर्ते सावध होतील. ओक्लाहोमातून जाताना भाड्याच्या गाडीने एका कॅम्पग्राउंडला थांबलो होतो. पाइप जोडण्यासाठी गाडीखालचे झाकण फिरवून काढले. झडपेची मूठ पूर्ण आत होती, म्हणजे ती बंद होती असे मी समजलो. प्रत्यक्षात झडपेच्या पात्यात आधीच्या भाडेकरूचा कागद अडकलेला होता आणि पाते शेवटचे अर्धे बोट बसलेलेच नव्हते. झाकणामागे जे जमले होते ते सगळे माझ्या कापडी बुटांवर आले. समोरच्या गाडीतल्या आजोबांनी खुर्ची वळवून घेतली, म्हणजे त्यांना नीट दिसावे.

तेव्हा झाकण उघडताना खाली बादली ठेवा, बाजूला उभे राहा आणि झाकण हळूहळू फिरवा. थेंब दिसू लागले तर थांबा. एकदा वापरून फेकायचे रबरी हातमोजे घाला. त्या हातांनी पिण्याच्या पाण्याच्या नळाला स्पर्श करू नका. बूट धुता येणारे असावेत.

उंटावरचा_शहाणा · १४ मे

आजोबांचे बरोबर आहे. तिकीट नसलेला कार्यक्रम होता.

लीड्सवासी · १५ मे

इकडे इंग्लंडात हा प्रश्न असा पडतच नाही, कारण बहुतेक कॅरव्हॅनमध्ये मोठी काळी टाकी नसते. शौचकूपाखाली साधारण १८-२० लिटरची सुटी पेटी असते. ती गाडीच्या बाहेरच्या दारातून ओढून काढायची, प्रवासी बॅगेसारखी चाकांवर ओढत नेमून दिलेल्या जागी न्यायची आणि ओतून धुवायची. सांडपाण्यासाठी गाडीखाली वेगळा डबा ठेवतात. सकाळी सात वाजता सगळे शेजारी आपापली पेटी ओढत निघतात, "गुड मॉर्निंग" म्हणतात आणि कोणीही कोणाच्या पेटीकडे पाहत नाही.

सहा माणसे आणि तांब्या यांना ही पेटी अर्धा दिवसही पुरणार नाही, हे मात्र मान्य करायला हवे.

नवखा_पुणेकर · १५ मे

थोडे विषयाला धरूनच विचारतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आम्ही तिघे मित्र कोकणात भाड्याची कॅरव्हॅन नेण्याच्या विचारात आहोत. तिथे ड्रेनेजची जोडणी असलेली जागा मिळाली नाही तर ही काळी टाकी कुठे सोडायची?

निर्मळ_नीर · १५ मे

ओढ्यात, समुद्रकिनारी किंवा रस्त्याकडेच्या गटारात कधीही नाही, हे आधी सांगतो. ज्या हॉटेलात किंवा घरगुती निवासात मुक्काम असेल तिथल्या मालकाला आधी फोन करून सेप्टिक टाकीच्या चेंबरमध्ये सोडू द्याल का असे स्पष्ट विचारावे. जिवाणूनाशक औषध वापरलेले नाही हेही सांगावे, कारण त्याच्या टाकीची काळजी त्याला असणारच. चेंबरचे झाकण उघडल्यावर लगेच आत वाकू नये, त्यात वायू साठलेला असतो. पावसाळ्यात जमिनीत पाणी वर आलेले असते आणि शोषखड्डे आधीच तुडुंब असतात, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये मालक नाही म्हणाला तर रागावू नये.

वेणू · १५ मे

माझे माहेर कणकवलीचे. तिथल्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि मैल्याचे खत यांवर आयुष्य वेचले, हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलो. आपला मैला आपण उचलावा हे तेव्हा पटत होते, पण हातमोजे घालून आरव्हीचा पाइप पहिल्यांदा धरला तेव्हा त्याचा अर्थ कळला. नवऱ्याला मात्र अजूनही कळलेला नाही, पाइप मीच धरते.

अण्णा_युमा · १६ मे

कोयनाकाठ, नळीबद्दल दोन शब्द. करड्या झडपेच्या वादात ते राहून गेले.

भाड्याच्या गाडीबरोबर तीन इंची नळी मिळते. ती अकॉर्डियनसारखी लांबते. गाडीपासून जमिनीतल्या तोंडापर्यंत सलग उतार हवा, मीटरला साधारण दोन सेंटिमीटर पुरे. नळी जमिनीवर लोळत ठेवली तर मधल्या खळग्यांत मैला साचतो, म्हणून खाली घडीचा प्लास्टिकचा आधार मिळतो तो लावावा. नळी आधी पूर्ण उलगडून सूर्याकडे धरून पाहावी. उन्हाने तिला टाचणीएवढी छिद्रे पडतात आणि ती नेमकी वरच्या बाजूला नसतात.

जमिनीकडच्या टोकाला कोपऱ्याचा जोड असतो. तो शक्यतो पारदर्शक घ्यावा, म्हणजे आतले पाणी स्वच्छ झाले की नाही ते दिसते. जमिनीतल्या पाइपाला आटे असतील तर जोड फिरवून बसवावा, नसतील तर रबरी कडे दाबून बसवावे आणि वर जड दगड ठेवावा. झडप उघडताच येणारा पहिला लोंढा सैल नळीला तोंडातून उचलून बाहेर काढतो.

आणखी एक. फिशिंग ब्रिज हे यलोस्टोन सरोवराच्या काठी, सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. जूनमध्येही तिथे रात्री पाणी गोठू शकते. नळी रात्रभर थेंब थेंब वाहत राहिली तर आत बर्फाची कांडी तयार होते. त्यामुळे तुमच्या बाबतीत रात्री करडी झडपही बंदच ठेवा. मंजिरीताई, हा मुद्दा तुमचा.

मंजिरी_मिशिगन · १६ मे

मुद्दा स्वीकारला. दिवसा आंघोळीच्या वेळी उघडी ठेवण्याचा मुद्दा तुम्हाला दिला.

टेक्सासकर · १६ मे

फिशिंग ब्रिजच्या त्या पार्कात अस्वलांमुळे तंबूला परवानगी नाही, कडक भिंतींच्या गाड्याच चालतात. तेव्हा भांडी धुतलेले पाणी गाडीबाहेर झुडपात फेकण्याची सवय कोणाला असेल तर तिथे अजिबात नको. नियम तर आहेच, शिवाय वासावर येणारा पाहुणा नियम वाचत नाही.

आणि शेवटचे. काही गाड्यांना काळी टाकी आतून धुण्यासाठी बाहेर वेगळे तोंड असते, त्याला नळाची नळी जोडतात. ती नळी पिण्याच्या पाण्याची नसावी. ते पाणी चालू असताना काळी झडप उघडीच हवी. बंद झडपेने पाणी सोडून गप्पा मारत बसलात तर टाकी भरून पाणी शौचकूपातून गाडीत येते, नाहीतर छतावरच्या वायुनलिकेतून वर येते.

चकलीप्रेमी · १६ मे

यापुढे कोणी मला यलोस्टोनच्या कारंज्यांबद्दल सांगू नये.

कोयनाकाठ · २७ जून

परत आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना वृत्तांत देणे माझे कर्तव्य आहे.

गाडी घेताना विजेरी मारली. टाकीत तळाशी कागदाचा एक पुंजका होता. तो मी दाखवला तेव्हा तिथल्या मुलाने "हे चालते" असे सांगितले. मी टेक्सासकरांचा सल्ला वाचलेला माणूस, मी तिथेच उभा राहिलो. अखेर त्यांनी टाकी पुन्हा धुऊन दिली, त्यात चाळीस मिनिटे गेली.

फिशिंग ब्रिजला पहिल्या दिवशी मी सगळे पाठ करून गेलो होतो, तरी जमिनीतल्या पाइपाचे आटे झिजलेले निघाले आणि जोड नीट बसेना. रबरी कडे दाबले, वर दगड ठेवला. दगड लहान होता. काळी झडप ओढताच पाइप साप उचलावा तसा उचलला गेला, दगड बाजूला पडला आणि मी पायाने जोड दाबून धरला. साधारण वाटीभर बाहेर आले. बाबा बाजूला पाण्याची वेगळी नळी घेऊन उभे होते. त्यांनी एक शब्द न बोलता जागा धुतली, पाणी जमिनीच्या तोंडातच जाईल असे वळवले आणि मग नारळाच्या दुप्पट आकाराचा दगड शोधून आणला. तिथे असेपर्यंत तो दगड गाडीच्या पायरीपाशी असे, आणि कोल्टर बेला निघताना तो मागे ठेवावा लागला याचे त्यांना वाईट वाटले.

पारदर्शक जोडातून काय दिसते याचे वर्णन चकलीप्रेमींसाठी टाळतो. एवढेच सांगतो की काळे संपून करडी झडप उघडली की पाणी आधी पिवळेधमक येते. मला वाटले काहीतरी बिघडले. आई म्हणाली, "अरे, कालच्या वरणाची कढई आहे ती." वेणूताईंचा नियम पहिल्या दिवशी आम्ही पाळला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पाळला आणि पाणी साबणासारखे पांढरट येऊ लागले.

हिशेब थोडा चुकला. दिवसभर आम्ही फिरायला बाहेर असल्याने ७५ ऐवजी साधारण ५० लिटरच होत होते. त्यामुळे टाकी एक दिवसाआड सोडली, आणि पहिल्या वेळी ती पुरेशी भरलेली नाही असे वाटले म्हणून आधी तीन बादल्या पाणी शौचकूपातून ओतले. आंघोळींसाठी मुले आणि मी पार्काच्या स्नानगृहात गेलो, त्यामुळे अण्णांचे आव्हान स्वीकारावेच लागले नाही. दुसऱ्या रात्री खरोखरच बाहेरच्या पाण्याच्या नळीवर सकाळी बर्फ होता. झडपा बंद होत्या.

अण्णा_युमा · २७ जून

वडिलांना माझा नमस्कार सांगा. गाडी परत करताना टाक्या रिकाम्या होत्या ना? नाहीतर दंड लावतात.

कोयनाकाठ · २७ जून

शेवटच्या सकाळी कोल्टर बेलाच दोन्ही सोडल्या आणि काळीत दहा लिटर पाणी ठेवून निघालो. वाटेत सगळ्यांनी पेट्रोलपंपावरचीच स्वच्छतागृहे वापरावीत असे मी जाहीर केले होते. सॉल्ट लेक सिटीला पोहोचायला तासभर असताना धाकट्याने नियम मोडला.

टेक्सासकर · २८ जून

त्याने कागद वापरला की तांब्या?

कोयनाकाठ · २८ जून

तांब्या. आजीने शिकवला.